वेणी सुटल्यावर

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात जवस शिजत होता. गॅससमोर माझी भाची उभी होती. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच आणि हातातला डाव सतत फिरता. आईला वाटलं, फराळाच्या जोडीला चटणी होतेय. आमचं मूळ घर लातूरकडचं. तिथे जवस म्हटलं की खलबत्ता, लसूण आणि लाल तिखटच डोळ्यांपुढे येतं.

“अगं, आधी कोरडा भाजून घेतात तो. पाण्यात काय घालून बसलीस?”

“चटणी नाही करत, आजी. केसांना लावायचंय.”

आई काही बोलली नाही, पण स्टूल ओढून तिथेच बसली. सात-आठ मिनिटांत पातेल्यात पांढरा फेस आला, पाणी दाट झालं. भाचीने डाव वर उचलला तेव्हा भेंडी चिरताना सुटते तशी तार लोंबली. हीच गाळायची वेळ. गार झालं की तो चिकट रस बियांना धरून बसतो, सुटत नाही. तिने तो गरम असतानाच जुन्या ओढणीत ओतला आणि ओढणीला पीळ देत देत वाटीत उतरवला. मग न्हाऊन आली, डोकं खाली घालून ओल्या केसांना तो रस लावला आणि केस खालून वर मुठीत घेऊन दाबत राहिली. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. चुळूकचुळूक आवाज येत होता. त्यानंतर दीड तास तिने केसांना बोट लावलं नाही. केस वाळून कडक झाले, पापडासारखे. तेव्हा तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळून तिने ते हलकेच कुस्करले, आणि कडकपणा जाऊन पाठीवर एकेक लाट सुटी झाली.

आई तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “हे केस कुणावर गेले गं?”

माझ्यावर, हे उघड होतं. माझेही असेच आहेत: दाट, जाड, मधूनच वळण घेणारे. पूर्ण कुरळे नाहीत, सरळ तर मुळीच नाहीत. पण पन्नाशी गाठेपर्यंत माझे केस त्या सकाळच्या भाचीच्या केसांसारखे कधी दिसले नव्हते, कारण ते तसे दिसू शकतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या लहानपणी असल्या केसांसाठी जे शब्द होते ते सगळे रागावण्याचे. झिपऱ्या आवर. झिंज्या बांध. डोकं पिंजारलंय. चिमणीचं घरटं झालंय. कौतुकाचे शब्द लांबसडक, रेशमी, सळसळत्या केसांच्या वाट्याला गेले. ‘नागमोडी’ हा इतका सुंदर शब्द आपण नदीला आणि घाटरस्त्याला दिला, घरातल्या मुलीच्या केसांना क्वचितच.

तरीही आमच्या घरात केसांची हेळसांड होती असं मी म्हणणार नाही. उलट, इतकी निगा पुढे मी कधी पाहिली नाही. शनिवारी रात्री आजी कोमट खोबरेल घेऊन बसायची. तिची बोटं आधी केसांच्या टोकांशी जायची. टोकाचा गुंता सुटला की चार बोटं वर, तो सुटला की आणखी वर, आणि टाळूपाशी पोचल्यावरच हातात कंगवा. फणी सगळ्यांत शेवटी. रविवारी शिकेकाई, रिठे, आवळकाठी आणि नागरमोथा रात्रभर भिजवून उकळलेलं पाणी. गळालेल्या केसांचं गुंतवळ ती भिंतीतल्या कोनाड्यात जपून ठेवायची, कारण महिन्या-दोन महिन्यांनी ‘केसांवर फुगे’ ओरडत माणूस यायचा आणि त्या गुंतवळावर आम्हाला फुगा मिळायचा. जनाबाईच्या अभंगांत विठोबा तिचं डोकं चोळतो, तिला न्हाऊ घालतो. ज्याने कुणाच्या हातून असं न्हाऊन घेतलंय त्याला त्या प्रसंगातली माया समजावून सांगावी लागत नाही.

पण ही सगळी निगा वेणीसाठी होती. माझं जे म्हणणं आहे ते एवढंच, आणि ते मी पुष्कळ विचार करून मांडते आहे. न्हाणं झालं की पंचाने केस फटाफट झटकायचे, ओलेच विंचरायचे आणि करकचून दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायच्या. शाळेचा नियम तोच, घराचा नियम तोच. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत. लग्नानंतर वेणीचा अंबाडा व्हायचा. केस ओले असताना बांधले जायचे आणि बांधलेलेच वाळायचे. दाट, नागमोडी केस मोकळे वाळले तर काय होतं, हे पाहायची वेळच कुणावर आली नाही. मग नोकऱ्या आल्या, लोकलची धावपळ आली, खांद्यापर्यंतचे केस आले, वेणी सुटली. आणि मोकळ्या केसांचं काय करायचं याचं ज्ञान आमच्या हाती कुठूनच आलेलं नव्हतं. आजीचं संपलं होतं, दुसरं सुरू झालं नव्हतं. त्या पोकळीत इस्त्री शिरली.

केसाला वळण कुठून येतं ते आधी सांगते, कारण ते कळल्यावर माझा स्वतःच्या डोक्यावरचा राग गेला. टाळूच्या कातडीत केस जिथे रुजतो ती पिशवी सरळ असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर केस वळत वळत बाहेर येतो आणि आडवा कापला तर गोल न दिसता लंबगोल दिसतो. केसावर बाहेरून बारीक खवले असतात, कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. नागमोडी केसाच्या वळणांवर ते अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं राठ ही आमची कायमची तक्रार. त्यात दर वळणावर कौलं जराशी उचललेली, म्हणून शेजारचा केस अडकतो आणि गुंता होतो.

केसाच्या आतलं केराटिन मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी आकार धरून ठेवतं. गंधकाचे बंध पक्के असतात, ते रसायनाशिवाय सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की ज्या आकारात केस असेल त्या आकारात पुन्हा बसतात. ओली वेणी सोडल्यावर केसांत लाटा दिसतात त्या यामुळे. आणि पुण्याहून सरळ केस करून निघालेली बाई दादरला उतरेपर्यंत डोक्याभोवती भुरभुर घेऊन उतरते तीही यामुळेच. हवेतला दमटपणा केस पितो. कोरडा केस जास्त पितो आणि जागोजागी कमीजास्त फुगतो, म्हणून प्रत्येक केस आपल्या वाटेने जातो. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाच्या या स्वभावावर हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र बेतलं आणि 1783 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेलेला केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांब होतो. वेधशाळांत पुढे दीर्घकाळ केसांवर चालणारी यंत्रं होती. जो गुण मोजणीसाठी विश्वासाचा ठरला, त्याला आम्ही आरशापुढे उभं राहून दोष देत होतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मी एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. रिबॉन्डिंग म्हणत त्याला. सहा तास बसले. नाकाला झोंबणारं मलम केसांना लावलं, ते गंधकाचे पक्के बंध तोडतं. मग धुऊन, वाळवून, इस्त्री फिरवून केस पट्टीसारखे ताणले आणि दुसरं मलम लावून त्याच आकारात बंध पुन्हा जोडले. लग्नातल्या फोटोंत माझे केस चकचकीत आहेत आणि चेहरा अनोळखी. मला कुणी सांगितलं नव्हतं की नवा उगवणारा केस जुन्याच वळणाने येणार. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आठ महिन्यांनी वरचे चार बोटं केस लाटांचे आणि खालचे सरळ, आणि दोघांच्या सांध्यावर ते तुटू लागले. कंगवा फिरवला की तुकडे पडायचे, मुळासकट नव्हे, अर्धे. त्या पार्लरमध्ये परत गेले तर उपाय म्हणून पुन्हा तेच करून घ्यायला सांगितलं. मी बाहेर रस्त्यावर येऊन रडले होते. केसांसाठी काय रडायचं, असं घरचे म्हणाले. पण रोज सकाळी मुठीत तुटके केस धरून उभ्या असलेल्या बाईला ते सांगू नये.

आता रिबॉन्डिंग मागे पडून ‘स्मूदनिंग’ आणि ‘केराटिन’ आलंय, आणि ते सौम्य असतं असं सांगितलं जातं. इथे मला स्पष्ट लिहायचंय. यातल्या अनेक मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. 2024 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिकत छापून आली. हे आम्ल असलेल्या मलमाने केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडाला पुन्हा पुन्हा इजा झाली होती. पार्लरमध्ये ही मलमं लावणारी मुलगी तर दिवसभर त्या वाफेत उभी असते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला मागा. वाचू दिलं नाही तर उठून या.

घरची इस्त्रीही निरुपद्रवी नाही. दोनशे अंशांच्या वर तापणारी ती पट्टी ओलसर केसावर फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आत बुडबुडे होतात. तिथे तो पोकळ होतो, आणि पोकळ झालेला केस तुटतो. चर्र असा आवाज आला तर केस अजून ओला आहे, एवढं तरी लक्षात ठेवावं.

मला वाट सापडली ती एका केस कापणाऱ्या बाईमुळे. दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं छोटं दुकान. त्यांनी मला ओल्या केसांनी बसवलंच नाही. “आधी वाळू द्या ताई. वाळल्यावर कुठला केस किती वर चढतो ते बघूनच कात्री लावणार,” म्हणाल्या. ओला नागमोडी केस सरळ आणि लांब दिसतो, वाळला की आखडतो. ओल्यावर मापून कापला तर घरी जाऊन दोन-तीन बोटं आखूड झालेला असतो. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, जिच्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. दाट केस पाहिले की बहुतेक ठिकाणी ‘थिनिंग’ची दातेरी कात्री काढतात. केस विरळ करून देते, हलकं वाटेल, म्हणतात. चार दिवस वाटतंही. मग ते आतले बारीक कापलेले केस वाढायला लागतात, आखूड असल्यामुळे ताठ उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात. डोकं पहिल्यापेक्षा मोठं दिसतं. दाट नागमोडी केस एकाच लांबीचे ठेवले तर खाली पसरून त्यांचा घंटेसारखा आकार होतो, म्हणून थर हवेत, पण लांब थर, साध्या कात्रीने, एकेक बट हातात घेऊन. त्यांनी दीड तास घेतला. मधे चहा मागवला. खाली पडलेले केस पाहून म्हणाल्या, “एवढ्या केसांना एवढी वर्षं शिव्या दिल्यात?”

शॅम्पूने रोज डोकं धुणं मी सोडलं, आणि आजीची शनिवारची रात्र परत आणली. खोबरेलाबद्दल आजी जे हाताने जाणत होती त्याला 2003 साली मुंबईतून पुरावा मिळाला. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतून वाहून जाणारी प्रथिनं ठळकपणे कमी झाली, बाकीच्या दोन तेलांनी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं, म्हणून केसाच्या आत शिरतं आणि पाण्यात केस अवाजवी फुगू देत नाही. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलं आहे हे वाचकाला सांगायला हवं. सांगूनही मी ते मानते, कारण त्यांनी दिलेलं कारण पटण्याजोगं आहे आणि माझ्या डोक्याचा अनुभवही तोच आहे. मात्र ज्यांना कोंडा आहे त्यांनी टाळूवर तेल मुरवत ठेवू नये. कोंडा वाढवणारी बुरशी त्या तेलावरच पोसते. लांबीला लावावं, टाळूला नको.

पुढचं सगळं सोपं आहे, फक्त सवयीच्या उलट आहे. शॅम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. कंगवा केसांत कंडिशनर असतानाच फिरवायचा, रुंद दातांचा, आजीसारखा टोकापासून वर. एरवी कोरडे केस विंचरायचेच नाहीत. हे माझ्या गळी उतरायला सगळ्यात जास्त दिवस लागले. ‘केस विंचरून ये’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या बाईला न विंचरता घराबाहेर पडताना उघडं पडल्यासारखं वाटतं. पण एका लाटेतले शेदोनशे केस एकमेकांना धरून असतात. कोरडा कंगवा त्यांना एकेकटं करतो, आणि मग एकही लाट राहत नाही, नुसता कापूस. पंचाने झटकायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस गोळा करून दाबायचे. ओला केस ताणला तर खूप लांबतो आणि तुटतो, म्हणून ओल्यावर घट्ट वेणी नको. मग जवसाचा रस. तो फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, वास आला की टाकून द्यावा. रात्री एक सैल वेणी.

पाण्याचाही हात असतो यात. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतात. ते बोअरचं पाणी नळावर पांढरे डाग पाडतं, तसाच थर केसांवर बसतो आणि कितीही कंडिशनर लावलं तरी केस दोरखंडासारखे लागतात. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचे घेतले की फरक हाताला कळतो. उन्हाळ्यात एवढं पाणी केसांवर ओतताना मला अपराधी वाटतं, म्हणून मी आठवड्यातून एकदाच न्हाते.

मुलींच्या नजरेला हे केस आता सुंदर दिसू लागलेत, हे बदलताना मी पाहिलं. 2016 साली अभिनेत्री मिथिला पालकरने कप वाजवत एक जुनं मराठी गाणं गायलं. तो व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला तेव्हा माझी भाची शाळेत होती. गाण्याइतकंच तिने मिथिलाच्या कुरळ्या केसांकडे पाहिलं. पुरुषांना ही सूट आधीपासून होती. झाकिर हुसेन यांच्या तबल्याबरोबर उडणाऱ्या केसांना कुणी झिपऱ्या म्हटलं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्याही खांद्यावर वळलेल्या बटा रुळतात, आणि त्याच्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो.

या केसांच्या गुंत्याची दुसरी एक गोष्ट महाराष्ट्रात आहे, ती टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. दाट, वळणाचे केस काही आठवडे विंचरले गेले नाहीत, त्यात धूळ, तेल आणि घाम बसला, की गुंत्याची गाठ होते आणि गाठीची जट. खवल्यांत खवले अडकत जातात आणि ती आपोआप सुटत नाही. एवढी साधी गोष्ट. पण जट म्हणजे यल्लम्मा देवीचं बोलावणं, असं मानणाऱ्या घरांत तिला कात्री लागत नाही, हळदकुंकू लागतं. ‘जोगवा’ या 2009 च्या सिनेमात सुलीच्या केसांत जट निघते आणि तिचं सगळं आयुष्य त्या जटेमागे ओढलं जातं. मुलींना देवीला वाहणाऱ्या देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने 2005 साली कायदा केला, तरी जटेची भीती कायद्याने कापली जात नाही. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करणाऱ्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा कापल्या आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय ब्युटिशियनचा. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. केस काय असतो हे जिच्या हातांना ठाऊक आहे तिला जटेत देवी दिसत नाही, गुंता दिसतो, आणि त्याखालची दुखणारी मान दिसते. या कामात कात्री चालते ती थोडा वेळ. त्याआधी बाईशी, तिच्या सासूशी, नवऱ्याशी पुन्हा पुन्हा जाऊन बोलावं लागतं. वर्षानुवर्षं वाहिलेलं ते ओझं उतरलं की मान मोकळी होते आणि बाईला कुशीवर नीट झोपता येतं. आजीची बोटं टोकापासून वर का जायची, याचं याहून मोठं उत्तर मला ठाऊक नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे भाचीने आईला तेल लावलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. न्हाऊन आल्यावर सवयीने तिने ओले केस पिरगळून अंबाड्यासाठी वर नेले, तेवढ्यात भाचीने तिचा हात धरला.

“आज लगेच बांधू नकोस ना आजी. एक गंमत करू दे.”

वाटीत कालचा जवसाचा रस उरला होता. आईचे केस आता विरळ झालेत, पांढरे, पाठीच्या मध्यापर्यंत. भाचीने ते साडीच्या तुकड्यात दाबले, रस लावला आणि तिला गॅलरीतल्या खुर्चीवर बसवलं. आई करंज्या झाल्यात का, दारात रांगोळी पुसली का, विचारत राहिली. उन्हं वर आली. साडेआठच्या सुमाराला मी चहा घेऊन गेले, तर तिच्या कानामागून एक लाट खांद्यावर उतरली होती. मग दुसरी. पाठीवर तर सगळीकडे.

मी आरसा आणून दिला. आईने मान तिरकी करून पाहिलं, एक बट बोटाने सरळ केली, सोडली. ती पुन्हा वळली.

“माझ्या आईचे असे होते की काय कोण जाणे,” ती म्हणाली. “तिचे केस मी मोकळे पाहिलेच नाहीत. कायम पदराखाली.”

दुपारी पानं वाढायला ती उठली तेव्हाही केस मोकळेच होते. ताटावर येऊ नयेत म्हणून फक्त भाचीचा चिमटा लावला होता.